मेंदूचं रक्त हाताकडे वळतं तेव्हा : कमानीवरच्या धमन्यांतले अडथळे, बलून आणि स्टेंट

क्ष_किरण (धागाकर्ता)

हृदयाच्या चोंदलेल्या धमनीत बलून फुगवून वाट करतात आणि ती उघडी राहावी म्हणून स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, घालतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण महाधमनी हृदयातून निघून जिथे कमानीसारखी वळते, तिथून हातांकडे आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्याही चोंदतात. त्यांच्यावर सलग चर्चा व्हावी म्हणून हा धागा. जाणकारांनी आपापल्या बाजूची भर घालावी. अनुभवकथन नको, नेमकं लिहा.

आधी नकाशा. कमानीच्या माथ्यावरून तीन फांद्या निघतात. पहिली इनॉमिनेट. ती थोडं वर जाऊन उजव्या हाताची सबक्लेव्हियन आणि मानेतून मेंदूकडे जाणारी उजवी कॅरॉटिड अशी दुभंगते. दुसरी डावी कॅरॉटिड, तिसरी डावी सबक्लेव्हियन. सबक्लेव्हियनच्या पहिल्या टप्प्यातून दोन उपफांद्या फुटतात आणि या धाग्यातली निम्मी भानगड त्या दोघींमुळे आहे. व्हर्टिब्रल वर चढते, मानेच्या मणक्यांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पोचवते. इंटर्नल मॅमरी साधारण तिच्या समोरून निघून छातीच्या पिंजऱ्याच्या आतून खाली उतरते. बायपासमध्ये हृदयाला जोडतात ती हीच.

अडथळा बहुधा उगमापासूनच्या पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरांत, म्हणजे व्हर्टिब्रल फुटण्याच्या आधी असतो. डावी सबक्लेव्हियन उजवीपेक्षा तिप्पट-चौपट वेळा सापडते. बहुतेकांत कारण नेहमीचंच : धूम्रपान, मधुमेह, कोलेस्टेरॉल, वाढतं वय. तरुण वयात सापडलं तर ताकायासू हा धमनीदाहाचा आजार आठवायचा. छातीला किंवा मानेला पूर्वी रेडिएशन दिलं असेल तर तेही कारण असू शकतं.

आता 'स्टील', म्हणजे शब्दशः चोरी. दोन्ही व्हर्टिब्रल वर जाऊन एकमेकींना मिळतात. डावी सबक्लेव्हियन उगमाशी बंद झाली की डाव्या हातातला दाब पडतो. मग उजव्या व्हर्टिब्रलने वर गेलेलं रक्त डाव्या व्हर्टिब्रलमधून उलटं खाली येतं आणि हाताला मिळतं. शेजाऱ्याच्या टाकीला पाइप लावून आपला नळ चालवावा तसं. हाताने काम केलं की मागणी वाढते, चोरी वाढते, आणि चक्कर, दोन-दोन दिसणं, झोक जाणं किंवा क्वचित बेशुद्धी येते.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच : उलटा प्रवाह दिसलेल्या बहुसंख्य लोकांना काहीच त्रास नसतो. चित्रातली चोरी हा आजार नव्हे.

---

नाडीपरीक्षा

चांगला धागा. निदान बहुतेक वेळा बीपीच्या पट्ट्यावरच होतं, म्हणून तिथून सुरुवात करतो.

दोन्ही हातांचं वरचं बीपी मोजा. फरक १० पर्यंत असला तर सहसा दुर्लक्ष करता येतं. १५ किंवा त्याहून जास्त असला आणि पुन्हा मोजल्यावर टिकला, तर कमी आकड्याच्या बाजूची सबक्लेव्हियन संशयित. आधी एक हात आणि दहा मिनिटांनी दुसरा असं मोजू नका. मधल्या वेळात बीपी तसंही १०-१५ ने हलतं. दोन यंत्रांनी एकाच वेळी, नाहीतर लागोपाठ आणि मग उलट क्रमाने पुन्हा.

दोन फसगती सांगून ठेवतो. पहिली : दोन्ही बाजूंना अडथळा असेल तर फरकच दिसत नाही. दोन्ही हात सारखेच खोटे कमी दाखवतात आणि खरं बीपी १८० असताना कागदावर १२० पडतं. पायाच्या घोट्याचा दाब हातापेक्षा खूप जास्त आला तर हे ओळखू येतं. दुसरी : अडथळ्याच्या बाजूच्या हाताचं बीपी बघून औषध ठरवणं. अशा माणसाचं बीपी कायम जास्त आकड्याच्या हातावरच मोजायचं आणि फाईलच्या पहिल्या पानावर तसं लिहून ठेवायचं.

मनगटाची नाडीही बोलते. दोन्ही मनगटं एकदम धरली तर अडथळ्याची बाजू कमजोर आणि किंचित उशिरा लागते. कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात स्टेथोस्कोप ठेवला तर पुष्कळदा फुसफुस ऐकू येते. पूर्ण बंद धमनीत मात्र ती नसते, त्यामुळे आवाज नाही म्हणजे अडथळा नाही असं समजू नये.

---

डॉप्लर_लहर

सोनोग्राफीबद्दल. सबक्लेव्हियनचा उगम छातीच्या हाडामागे खोल असतो, डावीकडे तर फारच. तो थेट दिसेलच असं नाही. म्हणून आडून अंदाज घ्यायचा : हाताच्या धमनीतली लहर (रक्ताच्या वेगाचा आलेख) आणि व्हर्टिब्रलमधल्या प्रवाहाची दिशा.

व्हर्टिब्रलमध्ये पायऱ्या दिसतात. सुरुवातीला रक्त सरळच जातं, पण ठोक्याच्या मध्येच लहर खचते. ट्रेसवर सशाच्या कानांसारखी दोन टोकं उमटतात. पुढे प्रत्येक ठोक्यात थोडं उलट, थोडं सरळ. शेवटी पूर्ण उलट. मधल्या पायरीवर शंका असेल तर त्या हातावर बीपीचा पट्टा वरच्या दाबापेक्षा २०-३० ने जास्त फुगवून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा आणि एकदम सोडायचा. भुकेला हात रक्त ओढतो आणि लपलेली चोरी त्या काही सेकंदांत उघडी पडते. प्रोब आधीपासून व्हर्टिब्रलवर धरून बसा. पट्टा सोडल्यावर शोधत बसलात तर क्षण गेला.

सीटी अँजिओ (धमन्यांचा सीटी स्कॅन) करायची तर डाय (धमन्या उठून दिसाव्यात म्हणून देतात ते औषध) उजव्या हातातून द्यायला सांगा. डाव्या हातातून दिली तर कमानीच्या फांद्यांसमोरून आडवी जाणारी मोठी शीर घट्ट डायने भरते आणि नेमक्या उगमांवर पांढरे फराटे उमटतात. एमआर अँजिओत अडथळा असतो त्याहून मोठा दिसण्याची खोड आहे. तिथे 'पूर्ण बंद' लिहिलं असेल तर खात्री दुसऱ्या तपासणीने करावी.

सीटीमध्ये आणखी एक बघायचं. काही जणांत (साधारण शंभरात पाच) डावी व्हर्टिब्रल सबक्लेव्हियनमधून न निघता थेट कमानीतून निघते. तिथे नेहमीची चोरी होऊच शकत नाही. चक्करचं कारण दुसरीकडे शोधा.

---

उत्सुक_वाचक

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, साधा प्रश्न. रिपोर्टमध्ये ८० टक्के लिहिलंय, त्रास काही नाही. मग आत्ताच उघडून का टाकू नये? पुढे पूर्ण बंद झाली तर?

---

क्ष_किरण

कारण ती पूर्ण बंद झाली तरी बहुतेकांचा हात जिवंत राहतो. खांद्याभोवती इतक्या आडवाटा आहेत की रक्त मार्ग काढतं. हृदयाच्या धमनीचा नियम इथे लावू नये. विनात्रास माणसात स्टेंटमुळे टळणारं नुकसान जवळपास नसतं आणि प्रक्रियेत होऊ शकणारं नुकसान (पक्षाघातासकट) शून्य नसतं.

मात्र अशा माणसाला हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, कारण तोच प्लाक (धमनीच्या भिंतीत साचलेला मेदाचा थर) बाकीच्या धमन्यांतही असतो. म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी), रक्त गुठळू न देणारं औषध, तंबाखू बंद, बीपी-साखर ताब्यात. हा उपचार सगळ्यांना. स्टेंट काहींना.

काहींना म्हणजे कुणाला? काम करताना हात इतका दुखतो किंवा थकतो की रोजचं अडतं. मेंदूच्या मागच्या भागाची लक्षणं हाताच्या श्रमाशी जोडलेली आहेत. बोटांच्या टोकांवर निळे-काळे डाग येताहेत, म्हणजे प्लाकचे कण हातात उडताहेत. हे झाले त्रासवाले. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्रास नसतानाही विचार करावा अशा जागा दिल्या आहेत : त्या बाजूची मॅमरी बायपाससाठी वापरायची आहे, किंवा आधीच वापरलेली असून हृदयाला रक्त कमी पडतंय, किंवा त्या हातात डायलिसिसची फिस्च्युला (त्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) आहे. दोन्ही बाजूंना अडथळे असून बीपी कुठेच खरं कळत नसेल तर एक बाजू उघडतात, ती याच कारणासाठी.

मॅमरीचा मुद्दा फार महत्त्वाचा. बायपास झालेल्या माणसाला डाव्या हाताने जड काम करताना छातीत दुखलं, तर हृदयाकडे जायचं रक्त मॅमरीतून उलटं हातात येतंय का हे बघायलाच हवं. बायपासआधी दोन्ही हातांचं बीपी मोजायला दोन मिनिटं लागतात. ती वाचवू नयेत.

---

सहा_फ्रेंच

प्रक्रियेबद्दल मी लिहितो. लांबेल.

तयारी : अ‍ॅस्पिरिन चालू, क्लोपिडोग्रेल (हीही गुठळी रोखणारी गोळी) आधीपासून रोज ७५ मिग्रॅ किंवा ऐनवेळी ३०० चा एकदम डोस. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) बघून सलाइन. मूत्रपिंड कमजोर असेल तर मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) थांबवून ४८ तासांनी तपासणी करून पुन्हा सुरू. भूल फक्त जागेपुरती, कारण माणूस बोलता राहायला हवा. दर थोड्या वेळाने नाव विचारायचं, हसायला सांगायचं, दोन्ही मुठी आवळायला सांगायच्या.

वाट : मांडीतून ६ ते ८ फ्रेंचची (३ फ्रेंच म्हणजे १ मिमी) लांब शीथ, म्हणजे वायर आणि कॅथेटर (बारीक नळी) आत नेण्याचं आवरण, ही नेहमीची. धमनी उगमाशी सपाट बंद असेल, कमानीकडून वायरला टेकायला खळगाही नसेल, तर हाताकडून उलटं जाणं सोपं. मनगटातून ६ फ्रेंच बसते. कोपराजवळच्या धमनीतून जास्त जाडीचं जातं, पण तिथे धोका वेगळा आहे, खाली लिहितो. अवघड बंद धमनीत दोन्हीकडून जातात : हाताकडून वायर पार करायची, कमानीत फासाने पकडायची आणि मांडीतून बाहेर काढायची. मग ताणलेल्या दोरीवरून काहीही नेता येतं.

हेपरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) वजनाच्या किलोमागे ७०-१०० युनिट, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) २५० सेकंदांच्या वर. कमानीचं चित्र डाव्या तिरक्या कोनात ३०-४५ अंशांवर घेतलं की फांद्या सुट्या होतात. इनॉमिनेटचा दुभाग मात्र उजव्या तिरक्या कोनातच उलगडतो. हे विसरलं की उजव्या कॅरॉटिडच्या तोंडावर स्टेंट चढवण्याची चूक होते.

अडथळ्याच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजा. वरच्या दाबात २० चा फरक म्हणजे नक्की महत्त्वाचा. काम संपल्यावर १० च्या खाली यायला हवा आणि उरलेला अडथळा ३० टक्क्यांच्या आत.

वायर : ०.०३५ इंची निसरडी वायर आणि तिच्यामागे वळणदार कॅथेटर. पार झाल्यावर कडक वायरने बदली. मग ४ ते ६ मिमीच्या बलूनने आधी थोडं उघडायचं. हे टाळणाऱ्यांचा स्टेंट प्लाकमध्ये साचलेल्या चुन्याच्या (कॅल्शियमच्या) कडेवर घासून बलूनवरून सरकतो. उपाय साधा आहे : आधी उघडा, शीथ अडथळ्याच्या पलीकडे न्या, स्टेंट शीथच्या आतून जागेवर ठेवा आणि मग शीथ मागे घ्या.

स्टेंट उगमाशी असेल तर बलूनवर बसवलेलाच. नेमका बसतो आणि कडक प्लाकला दाबून धरतो. सबक्लेव्हियनला साधारण ७-८ मिमी, इनॉमिनेटला ८-१० मिमी. माप घेताना सापळा असा की अडथळ्याच्या लगेच पुढे धमनी फुगलेली असते. तिथलं माप घेतलंत तर स्टेंट मोठा पडतो आणि उगमाशी धमनी फाटू शकते. त्याच्या पुढचा, खरा सरळ भाग मोजा. स्टेंट कमानीत १-२ मिमी डोकवावा. त्याहून जास्त बाहेर राहिला तर पुढे कधी कुणाला त्या कमानीतून कॅथेटर नेताना तो आडवा येतो. कमी पडला तर उगमाचा प्लाक उघडा राहतो आणि तिथेच पुन्हा चोंदतं.

पलीकडचं टोक व्हर्टिब्रलच्या अलीकडे थांबलं पाहिजे. जागा अपुरी असेल तर मनगटाकडून ०.०१४ ची वायर व्हर्टिब्रलमध्ये ठेवून तिचं तोंड राखतात. आपोआप उघडणारे स्टेंट व्हर्टिब्रलच्या पुढे, जिथे धमनी वाकते-हलते तिथे. आणि कॉलरबोन व पहिली बरगडी यांच्या चिमट्यात स्टेंट घालूच नये. चिमटा मोकळा केल्याशिवाय घातलेला स्टेंट तिथे चेंगरतो, मोडतो.

---

उत्सुक_वाचक

बलून फुगवताना प्लाकचा चुरा सरळ मेंदूत नाही जाणार?

---

सहा_फ्रेंच

हीच भीती सुरुवातीला सगळ्यांना होती. पायाच्या धमनीत चार्ल्स डॉटर या डॉक्टरने १९६४ मध्ये वाट उघडली, ग्रुएंट्झिगने १९७७ मध्ये हृदयाची. सबक्लेव्हियन स्टीलवर बलून वापरल्याचं बाकमन आणि किम यांनी १९८० मध्ये लिहिलं. त्यानंतर रिंगेलश्टाइन आणि त्सॉयमर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की अडथळा उघडल्याबरोबर व्हर्टिब्रल लगेच सरळ होत नाही. वीस सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत ती उलटीच वाहत राहते. तेवढ्या वेळात सुटलेला चुरा हाताकडे जातो आणि हात तो सहन करतो. चोरीच इथे रखवालदार होते.

पण हे संरक्षण प्रवाह उलटा असेल तरच. सरळ वाहणाऱ्या व्हर्टिब्रलला ते नाही. इनॉमिनेटमध्ये तर चुरा थेट उजव्या कॅरॉटिडमध्ये, म्हणून तिथे मानेतल्या कॅरॉटिडमध्ये छत्रीसारखी जाळी ठेवण्याचा विचार करतात. डावी कॅरॉटिड उगमाशी उघडतानाही तेच.

---

टाका_दोरा

शल्यचिकित्सकाच्या बाजूने थोडं, नाहीतर धागा एकांगी होईल.

नुसत्या अरुंद धमनीत बलून-स्टेंट जवळपास नेहमी जमतं. पूर्ण बंद, चुनखडी झालेल्या धमनीत अपयशाचं प्रमाण लक्षणीय वाढतं. शिवाय काही वर्षांत दहा ते वीस टक्क्यांत पुन्हा चोंदतं. कॅरॉटिडपासून सबक्लेव्हियनला बायपास, किंवा सबक्लेव्हियन कापून कॅरॉटिडवर बसवणं, या शस्त्रक्रिया मानेतूनच होतात, छाती उघडावी लागत नाही आणि त्या टिकाऊ आहेत. किंमत अशी : पूर्ण भूल, श्वासपटलाच्या मज्जातंतूला इजा, आवाज घोगरा होणं, आणि डावीकडे लसिकेची मोठी नळी दुखावली तर जखमेतून दुधाळ पाणी गळत राहणं. मॅमरीवर हृदय अवलंबून असेल तर कापून बसवण्याच्या शस्त्रक्रियेत लावावा लागणारा चिमटा हृदयाचं रक्त थांबवतो. तिथे ती नकोच.

माझं मत : पहिला प्रयत्न स्टेंटचा, पण अर्धा-पाऊण तास वायर पुढे जात नसेल तर हट्ट सोडा. हाताकडून जोर लावलेली वायर धमनीच्या भिंतीच्या थरांत शिरते आणि चीर कमानीत उतरली की साध्या दुखण्याचं जिवावरचं दुखणं होतं.

---

सहा_फ्रेंच

सहमत. बिघाडांबद्दल राहिलेलं लिहितो.

फुगवताना बोथट दुखणं चालतं, भिंत ताणली जातेय एवढाच अर्थ. तीव्र दुखलं आणि बलून रिकामा केल्यावरही राहिलं तर धमनी फाटल्याचं गृहीत धरा. वायर काढायची नाही! तोच बलून हलक्या दाबाने पुन्हा फुगवून भोक दाबून धरा आणि आवरणवाला स्टेंट तयार करा. तो टेबलवर असायलाच हवा, कपाटात शोधायची ती वेळ नसते. इथलं रक्त छातीच्या पोकळीत जातं, बाहेर सूजही दिसत नाही. बीपी पडल्यावरच कळतं.

कोपराजवळच्या वाटेचा धोका : तिथे धमनी आणि मज्जातंतू एकाच घट्ट आवरणात असतात. थोडंसं रक्त साठलं तरी मज्जातंतू दबतो. अंगठा आणि शेजारच्या बोटांत बधिरपणा आला की 'भूल उतरतेय' म्हणून थांबू नका. काही तासांत मोकळं केलं नाही तर कायमचं राहतं. मांडीची शीथ काढायला एसीटी १७०-१८० च्या खाली येऊ द्या, मग दाब आणि चार-सहा तास आडवं.

---

दाह_विभाग

ताकायासूसाठी वेगळा नियम. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९०८ मध्ये आधी डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांतले बदल मांडले, म्हणून नाव त्याचं. दाह पेटलेला असताना धमनीला हात लावायचा नाही. ईएसआर, सीआरपी (दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि धमनीच्या भिंतीची जाडी बघून, शक्यतो काही महिने आजार शांत ठेवून मगच. अपवाद फक्त मेंदू किंवा हृदय धोक्यात असेल तेव्हाचा. अडथळे लांब आणि चामड्यासारखे चिवट असतात. साध्या ६-१० अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला बलूनला अडथळ्याशी पडलेली कंबर सुटत नाही, जास्त दाबाचा बलून लागतो. शक्य तिथे नुसत्या बलूनवर थांबावं. स्टेंट घातला तरी पुन्हा चोंदण्याचं प्रमाण प्लाकवाल्यांपेक्षा जास्त. आणखी एक : ईएसआर नॉर्मल म्हणजे आजार शांत, असं हमखास नसतं.

---

गोळ्या_वेळेवर

घरी गेल्यावर काय?

---

नाडीपरीक्षा

अ‍ॅस्पिरिन ७५-१०० मिग्रॅ कायम, क्लोपिडोग्रेल ७५ मिग्रॅ सहसा एक ते तीन महिने. हृदयातही स्टेंट असेल तर मुदत हृदयवाले ठरवतील. स्वतःहून बंद करू नये, दात काढायचा असला तरी आधी विचारावं.

पहिल्या आठवड्यात हमखास घाबरवणारी गोष्ट : उपचार झालेल्या हाताचं बीपी एकदम ३०-४० ने वाढलेलं दिसतं. बीपी वाढलेलं नसतं, आता खरं दिसू लागलेलं असतं. दुसऱ्या हाताशी ताडून बघा. मात्र दोन्ही हातांत जास्त असेल आणि सोबत तीव्र डोकेदुखी असेल तर थांबू नका. आधी उपाशी राहिलेल्या मेंदूत अचानक जास्त दाबाने रक्त गेलं तर तिथे सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो.

---

डॉप्लर_लहर

तपासणी महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी : दोन्ही हातांचं बीपी आणि व्हर्टिब्रलची सोनोग्राफी. मिटलेला फरक पुन्हा १५ वर गेला किंवा सरळ झालेली व्हर्टिब्रल पुन्हा मध्येच खचू लागली तर स्टेंटच्या आत बघायची वेळ झाली. आतला अडथळा बहुधा नुसत्या बलूनने सुटतो. पण आधी स्टेंट कमानीपर्यंत पोचलाय का आणि मोडलाय का हे सीटीत बघा. उगम उघडा राहिला असेल तर आत कितीही बलून फुगवलेत तरी वर्षभरात तोच रिपोर्ट हातात येतो.

---

उत्सुक_वाचक

आणि एमआरआय चालतो का स्टेंट असताना?

---

क्ष_किरण

आजचे स्टेंट साधारणपणे चालतात. कार्ड सोबत न्या, त्यावर किती टेस्लापर्यंत परवानगी ते लिहिलेलं असतं. फक्त स्टेंटच्या आतली पोकळी एमआरआयमध्ये काळी दिसते, ती बंद झाली असं समजू नका. रिपोर्ट लिहिणाऱ्याला स्टेंट कुठे आहे ते आधीच सांगा.